नाशिकमध्ये घरी घटपर्णी वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घटपर्णी, म्हणजे नेपेंथिस, दमट जंगलातली वेल आहे आणि नाशिकची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते. केरळात किंवा मलेशियात चालणारा सल्ला इथे जसाच्या तसा पाळला तर झाड मेपर्यंत तग धरतं आणि मग बसतं. म्हणून खालची उत्तरं नाशिकचा उन्हाळा, इथली थंडी आणि इथलं पाणी धरूनच दिली आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तो लटकणारा घट म्हणजे फूल आहे का?

नाही, ते पानच आहे. पानाची मधली शीर टोकाच्या पुढे वाढून ताणा होते, ताण्याचं टोक फुगतं, खाली वळून वर येतं आणि त्याचा घट होतो. वरचं झाकण पावसाचं पाणी आत फारसं जाऊ देत नाही. घटाच्या कडेला आणि झाकणाखाली मध सुटतो. कड ओली असली की कमालीची निसरडी होते, मधाला आलेली मुंगी घसरते आणि आतल्या पाचक रसात पडते.

घटातल्या किड्यांतून झाडाला मिळतं ते नत्र, स्फुरद यांसारखं खत. अन्न ते इतर झाडांसारखं उन्हातूनच तयार करतं. ज्या जमिनीत ही झाडं वाढतात तिथे खत जवळजवळ नसतंच, म्हणून मुळांना क्षार आणि खत सोसत नाहीत. पाणी, माती आणि खताबद्दलची पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. नाशिकच्या हवेत ही खरंच जगते का?

जगते, आणि जूनअखेर ते ऑक्टोबरमध्ये जोमानं वाढते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीमुळे आपल्या रात्री मुंबईपेक्षा गार असतात, ते मध्यम उंचीवरच्या जातींना मानवतं. घात दोन ठिकाणी होतो. मार्च ते मेमधली कोरडी दुपार हा पहिला घात, त्या वेळी हवेतला दमटपणा २० टक्क्यांच्याही खाली जाऊ शकतो (प्रश्न ११). दुसरा घात डिसेंबर-जानेवारीतली दहा अंशांखालची रात्र (प्रश्न १२). चाळीस अंशांची सगळ्यांना भीती वाटते, पण सावलीत आणि दमट हवेत ठेवलेलं झाड तो उकाडा काढतं. कोरडा वारा मात्र दोन दिवसांत ताणे जाळतो.

म्हणून खरेदी, कुंडी बदलणं, काड्या लावणं ही कामं जूनच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत उरका. मार्चमध्ये घेतलेल्या झाडाला मुळं सावरायच्या आतच उन्हाळा गाठतो.

३. पहिल्यांदा कोणती जात घ्यावी?

व्हेंट्राटा. व्हेंट्रिकोसा आणि अलाटा यांचा हा संकर रोपवाटिकांत टांगत्या कुंडीत सर्रास मिळतो. कधी आठ-दहा अंशांची रात्र आली किंवा दमटपणा ४० टक्क्यांवर आला तरी तो मरत नाही. एक हिवाळा आणि एक उन्हाळा तो नीट काढला की व्हेंट्रिकोसा किंवा मिरांडाकडे वळा. मिरांडाचे घट मोठे आणि देखणे असतात, पण तिला दमटपणा जास्त लागतो.

मिराबिलिस, ॲम्प्युलारिया, रॅफ्लेसियाना, बायकॅल्कराटा या सखल, उष्ण भागातल्या जाती. रात्रीसुद्धा २० अंशांच्या वर तापमान हवं असल्यानं नाशिकमध्ये त्या काचपेटीतच टिकतात. राजा, व्हिलोसा, हमाटा, लोवी या डोंगरमाथ्यावरच्या जातींना रात्र १०-१५ अंशांची आणि दिवस पंचविशीच्या आसपासचा हवा असतो. फोटो पाहून मोह होतो, पण आपल्या उन्हाळ्यात वातानुकूलित पेटीशिवाय त्या वाचत नाहीत. त्यावर पैसे घालू नका.

४. मेघालयातली भारतीय घटपर्णी घरी ठेवता येते का? कायद्याचं काय?

नेपेंथिस खासियाना ही भारतात निसर्गतः उगवणारी एकमेव घटपर्णी. ती गारो, खासी आणि जयंतिया टेकड्यांत आढळते. दक्षिण गारो हिल्समध्ये बाघमाराला तिच्यासाठी राखीव क्षेत्र आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या संरक्षित वनस्पतींच्या यादीत तिचं नाव आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टातही ती आहे. जंगलातून काढलेलं रोप बाळगणं किंवा विकणं गुन्हा ठरतो. ‘मेघालयातून थेट’ असं सांगून कुणी विकत असेल तर घेऊ नका. परवाना असलेल्या विक्रेत्याकडे कागदपत्रांसह मिळत असेल तरच विचार करा.

रानातून रोप न आणण्याची गोष्ट आपल्या घराजवळच्या झाडांनाही लागू आहे. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडच्या कातळपठारांवर सीतेची आसवं फुलतात, तीही कीटकभक्षी. ती उपटून आणली तर कुंडीत आठवडाभरही टिकत नाहीत, आणि पठारावरून कमी होतात ती होतातच. तिथेच पाहा.

५. व्हीनस फ्लायट्रॅप आणि ही, दोन्ही एकाच ताटलीत ठेवू का?

नको. फ्लायट्रॅप आणि सारासेनिया या दुसऱ्या कीटकभक्षी झाडांना कुंडीखाली उभं पाणी, कडक ऊन आणि थंडीत विश्रांतीचा काळ लागतो. घटपर्णीला यातलं काहीच नको असतं. सारासेनियासुद्धा ‘पिचर प्लांट’ म्हणूनच विकतात, म्हणून घेताना नीट पाहा: जमिनीतून सरळ उभे नळकांड्यासारखे घट असतील तर ती सारासेनिया, पानाच्या टोकाला ताण्यावर लटकलेले असतील तर घटपर्णी.

६. नळाचं पाणी चालेल का? बोअरचं, आरओचं, एसीचं?

अंदाजानं ठरवू नका, पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये मोजणारा टीडीएस मीटर घ्या. तो स्वस्त असतो आणि या छंदात सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. ५० पीपीएमच्या आत आकडा असेल तर उत्तम. ५० ते १०० चं पाणी चालतं, पण मग महिन्यातून एकदा पावसाच्या पाण्यानं कुंडी धुऊन काढावी लागते: एक लिटरच्या कुंडीतून तीन लिटर पाणी सावकाश ओतून पूर्ण वाहू द्या. १०० च्या वरचं पाणी रोजच्या वापराला नको.

बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं आणि बहुतेक ठिकाणी चांगलंच जड असतं, ते बाद. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी त्यामानानं मऊ, तरी आपल्या घरचा आकडा मोजा, आणि वापरायचं झालं तर क्लोरीन उडून जायला रात्रभर उघड्या बादलीत ठेवा. आरओचं पाणी चांगलं, पण अनेक मशीन चवीसाठी थोडे क्षार परत मिसळतात, म्हणून तेही मोजा. आरओच्या दुसऱ्या नळीतून जाणारं टाकाऊ पाणी चुकूनही घालू नका, सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

एसीचं पाणी क्षारमुक्त असतं. मात्र सर्व्हिसिंगमध्ये कॉइल रसायनानं धुतली असेल तर पुढचे तीन-चार दिवस ते टाकून द्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर चालतं, फक्त दुकानदारानं शेजारची ॲसिडची बाटली दिलेली नाही ना, ते लेबलवर वाचून घ्या. पाणी उकळल्यानं थोडा चुना खाली बसतो, बाकीचे क्षार तसेच राहतात. बाटलीबंद मिनरल वॉटरचाही फायदा नाही.

७. पावसाचं पाणी साठवलं तर किती लागेल?

पाच इंची कुंडीतल्या एका झाडाला वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला साधारण १५० मिली धरा. ऑक्टोबर ते मेअखेर आठ महिने म्हणजे ३६ लिटर, अर्थात झाडामागे २० लिटरचे दोन कॅन. साठवणं अवघड नाही: गच्चीवर एक चौरस मीटर स्वच्छ प्लास्टिक झोळीसारखं बांधलं, तर ४० मिलिमीटरच्या पावसात ४० लिटर पाणी मिळतं. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी घेऊ नका, त्यात धूळ असते. सिमेंटच्या स्लॅबवरून वाहिलेलं पाणी चुना घेऊन येतं, म्हणून झोळी हवीच. कॅन गच्च झाकून अंधारात ठेवा. शेवाळ धरणार नाही आणि डासही होणार नाहीत.

८. कोणत्या मातीत लावायची?

मातीत लावायचीच नाही. काळी किंवा लाल माती, शेणखत, गांडूळखत यांतलं काहीही कुंडीत नको.

सगळ्यात खात्रीचं मिश्रण म्हणजे भिजवलेलं लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळासारखं झाड) दोन माप आणि पर्लाइट (हलके पांढरे फुगीर खडे) एक माप. मॉस दाबून भरू नका, बोट सहज आत गेलं पाहिजे. स्वस्तात करायचं तर धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन माप, पर्लाइट एक माप, लाकडी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे एक माप. कोळसा आधी धुऊन राख काढा, राखेनं मिश्रण अल्कधर्मी होतं.

कोकोपीट धुणं हाच यातला महत्त्वाचा भाग, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असतं. वीट रात्रभर भिजवा, जुन्या पातळ कापडात घालून पिळा, असं चार-पाच वेळा करा. शेवटची खंगाळणी पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात करून पिळलेल्या पाण्याचा टीडीएस मोजा. तो १०० च्या आत आला की कोकोपीट वापरायला तयार. पाकिटावर ‘वॉश्ड’ लिहिलं असलं तरी एकदा मोजाच. पर्लाइट ओलं करूनच हाताळा, त्याची धूळ छातीत जाते.

कुंडी प्लास्टिकची घ्या, खाली भरपूर भोकं हवीत. मातीच्या कुंडीतून क्षार उतरतात आणि ती आपल्या हवेत फार लवकर सुकते. कुंडी दीड-दोन वर्षांनी, पावसाळ्यात बदला. त्या वेळी मुळं काळी आणि दोऱ्यासारखी बारीक दिसतील, ती तशीच असतात. सडली समजून अनेक जण ती कापून टाकतात आणि झाड गमावतात. सडलेलं मूळ बोटांत लिबलिबीत होतं आणि त्याला वास येतो. ताठ काळं मूळ निरोगी असतं, त्याला हात लावू नका.

९. पाणी किती दिवसांनी? कुंडीखाली ताटली भरून ठेवू का?

वरचा थर ओलसर असला तरी बोटाला पाणी लागत नाही, अशा वेळी पाणी द्या. उन्हाळ्यात रोज किंवा दिवसाआड, थंडीत चार-पाच दिवसांनी. वरून भरपूर घाला, खालून वाहू द्या, वाहिलेलं पाणी फेकून द्या. कुंडी कायम पाण्यात उभी राहिली तर मुळं गुदमरतात. याला अपवाद फक्त गावाला जाण्याचा (प्रश्न २०).

१०. बाल्कनीत कुठे टांगायची?

पूर्वेची बाल्कनी सगळ्यात चांगली: सकाळी दहापर्यंतचं ऊन, मग सावली. दक्षिण-पश्चिमेला ५० टक्क्यांची शेडनेट लावा, मार्च ते मे ७५ टक्क्यांची. उत्तरेच्या बाल्कनीत झाड जगतं, पण घट कमी येतात. प्रकाश पुरेसा असला की नव्या पानांवर तांबूस छटा येते आणि घट रंग धरतात. गडद हिरवी, लांब, लोंबणारी पानं म्हणजे प्रकाश कमी पडतोय.

घरात खिडकी नसेल तर ६५०० केल्विनची साधी पांढरी एलईडी ट्यूब झाडाच्या वर २५-३० सेंटीमीटरवर, दिवसाला १२ तास. स्वयंपाकघरात ठेवू नका, फोडणीचा तेलकट थर पानांवर बसतो.

११. उन्हाळ्यात दमटपणा कसा टिकवायचा? कूलरसमोर ठेवू का?

आधी दमटपणा मोजणारं छोटं मीटर झाडाशेजारी लावा. ५० टक्क्यांच्या वर आकडा राहिला तर घट टिकतात. दुपारी दोन-तीन तास तो खाली गेला तरी चालतं, दिवसभर तिशीत राहिला तर ताणे वाळतात.

बारीक फवारा दिवसातून चार वेळा मारला तरी दहा मिनिटांत सगळं कोरडं होतं, त्यावर विसंबू नका. खडे-पाण्याच्या ताटलीचाही उघड्या बाल्कनीत फारसा उपयोग नाही. खरा फरक पडतो तो वारा अडवल्यानं. बाल्कनीच्या पश्चिमेला गोणपाट टांगा आणि सकाळ-दुपार भिजवा. गोणपाटाला बोअरचं पाणी चालेल, फक्त ते कुंडीत ठिबकू देऊ नका. झाडं एकमेकांजवळ ठेवा, मधोमध घटपर्णी.

पॅडचा कूलर नाशिकच्या कोरड्या हवेत फार छान काम करतो, खोली गार आणि दमट दोन्ही होते. झाड त्याच खोलीत ठेवा, पण झोताच्या समोर नको, बाजूला सहा-सात फुटांवर. झोतानं पानं सतत हलतात आणि कूलरचे जड पाण्याचे तुषार पानांवर पांढरे डाग सोडतात.

छोट्या झाडांना जुना फिश टँक उत्तम. तळाला दोन इंच भाजलेल्या मातीचे ओले गोळे किंवा खडे, त्यावर जाळी, जाळीवर कुंडी, वरून तीन-चतुर्थांश काच. टाकीवर थेट ऊन पडता कामा नये. बंद काचेत सकाळच्या उन्हातही अर्ध्या तासात झाड शिजतं.

हे काहीच जमणार नसेल तर एप्रिल-मेमध्ये व्हेंट्राटाचे घट वाळतील हे धरून चाला. झाड सावलीत, ओलसर ठेवा आणि पानं वाचवा. जुलैत नवे घट येतात. घट टिकवण्याच्या हट्टापायी झाड प्लास्टिकमध्ये कोंडून उन्हात ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

१२. थंडीत पानांवर काळे डाग पडले. बुरशी आहे का?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आलेले आणि खिडकीच्या बाजूच्याच पानांवर असलेले डाग बहुधा थंडीचे असतात. रात्र १२ अंशांखाली जाणार असेल तर झाड आत आणा. निफाडकडच्या लोकांनी तर दिवाळीनंतर लगेचच, तिथे पारा शहरापेक्षाही खाली उतरतो. पाणी सकाळी ऊन आल्यावर द्या आणि कॅनमधलं गार पाणी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. या दिवसांत खत, किडे, कुंडी बदलणं सगळं थांबवा. डाग पिवळ्या कडांसह पसरत असतील, नव्या पानांवरही येत असतील, तर ती बुरशी. तशी पानं कापा, हवा खेळती करा. तांबेयुक्त औषध का टाळायचं ते प्रश्न १६ मध्ये आहे.

१३. पानं येतात, पण घट येत नाहीत. काय चुकतंय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. उत्तर ताण्याच्या टोकाकडे पाहून मिळतं. जुन्या पानांचं टोक एकदा वाळलं की ते पुन्हा फुगत नाही, म्हणून नेहमी सगळ्यात नव्या दोन पानांकडे पाहा.

टोकाला मुगाएवढी गाठ आली आणि मग ती तपकिरी होऊन वाळली, तर हवा कोरडी आहे. झाडाची तयारी होती, दमटपणा कमी पडला.

टोक फुगलंच नाही आणि पानं लांब, पातळ, गडद हिरवी आहेत, तर प्रकाश कमी. जागा बदला, पण एकदम उन्हात नको, दहा-बारा दिवसांत टप्प्याटप्प्यानं.

पानं मोठी, जाड, तुकतुकीत, झाड बघत राहावं असं आणि घट एकही नाही, तर कुंडीत खत आहे. मुळांतून नत्र भरपूर मिळाल्यावर घट करण्याची त्याला गरजच उरत नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीत पिवळट गोल दाणे दिसले तर ते वेचून काढा आणि कुंडी प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे धुऊन घ्या.

प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा लहान येतंय, तर दोष मुळांत आहे: क्षार, कुजलेलं मिश्रण किंवा थंडी (प्रश्न २१).

यांतलं काहीच नाही आणि झाड नुकतंच घरी आलंय? मग थांबा. नवं पान यायला दोन ते चार आठवडे आणि त्याचा घट उघडायला आणखी महिना-दीड महिना लागतो. दर आठवड्याला जागा बदलली, कुंडी फिरवली की हे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. वाऱ्यात टांगलेल्या कुंडीचे ताणे ग्रिलवर आपटतात आणि कोवळी टोकं मोडतात, हे कारण सहज नजरेतून सुटतं.

१४. घट वरून वाळत चाललाय. कापू का?

एक घट काही महिने टिकतो, मग झाकणापासून खाली वाळत येतो. हे म्हातारपण, रोग नव्हे. खालचा भाग हिरवा आहे तोवर तो पचवण्याचं काम करत असतो, म्हणून पूर्ण तपकिरी झाल्यावरच ताण्यावर कापा. पान हिरवं असेल तर ठेवा. बरेच घट एकाच आठवड्यात वाळले तर मात्र कारण शोधा, बहुधा ते प्रश्न ११ मध्ये सापडेल.

१५. खायला काय घालायचं? चिकनचा तुकडा चालेल?

चिकन, अंडं, दूध, चीज काहीही नको. ते पचण्याआधी सडतं, घट काळा पडून गळतो आणि घरभर वास सुटतो. बाल्कनीतल्या झाडाला काहीच घालावं लागत नाही, मुंग्या स्वतःहून ताण्यावरून चढतात. बंद काचपेटीतल्या झाडाच्या एका घटात तीन-चार आठवड्यांनी एक मेलेली माशी किंवा फिश टँकमधल्या माशांना घालतात त्या खाद्याचे दोन-तीन दाणे पुरे. सगळे घट भरायची गरज नाही. झाकण उघडलेल्या घटातच घाला.

प्रवासात घटातलं पाणी सांडलं असेल तर नव्या घटात एक-तृतीयांशापर्यंत क्षारमुक्त पाणी घाला, म्हणजे तो वाळत नाही. आधीपासून पाणी असलेल्या घटात वरून भरत राहू नका, पाचक रस पातळ होतो.

१६. द्राक्षबागेला वापरतो ते १९:१९:१९ खत चालेल का?

दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडून हा प्रश्न हमखास येतो. कुंडीत मुळीच नको. द्यायचंच तर फक्त जुलै ते सप्टेंबर, महिन्यातून एकदा, पानांवर, आणि प्रमाण चार लिटर पाण्यात एक ग्रॅम. द्राक्षाला ज्या मात्रेनं फवारता ती इथे जाळून टाकेल. फवारताना कुंडीचं तोंड प्लास्टिकनं झाका.

बुरशीसाठी बागेत फवारतात त्या बोर्डो मिश्रणात मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना दोन्ही असतात. तांबं या झाडाला आणि मॉसला मारक, चुन्यानं सामू वाढतो. बाग घराला लागून असेल तर छाटणीनंतरच्या फवारणीच्या दिवशी झाड आत घ्या, वाऱ्यानं येणारे तुषारसुद्धा नुकसान करतात. गंधकाची भुकटी उन्हात पानं भाजते. संजीवकांचा (वाढीच्या औषधांचा) प्रयोग करून पाहण्याचा मोह आवरा.

१७. पिठ्या ढेकूण आणि फुलकिडे लागले तर?

किडे खाणाऱ्या झाडालाही कीड लागते. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानाच्या बगलेत बसतात. कापसाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक पुसा, पाच-सहा दिवसांनी पुन्हा, असं तीन वेळा. मावा कोवळ्या शेंड्यावर येतो, पाण्याच्या झोतानं धुऊन काढा. फुलकिड्यांनी पानांवर चंदेरी ओरखडे येतात आणि नवी पानं वाकडी निघतात. उन्हाळ्यात लाल कोळी आला तर हवा फार कोरडी आहे असं समजा.

कडुनिंबाचं तेल घटांची कड आणि आतला मेणचट थर बिघडवतं, म्हणून आधी एका पानावर वापरून तीन दिवस पाहा. कीड आटोक्यात येतच नसेल तर इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल हे कीटकनाशक, लिटरला ०.३ मिली, संध्याकाळी, फक्त पानांवर. मधमाश्यांना ते घातक आहे, त्यामुळे शेजारी काही फुललं असेल तर फवारू नका. हातमोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा.

१८. ही लावल्यावर डास कमी होतात का? की घटात उलट डासच होतात?

डास कमी होत नाहीत. तिचं मुख्य भक्ष्य मुंग्या. घटात डासाच्या अळ्या क्वचित दिसतात, रस फार पातळ झाला असेल तर जास्त. खरा धोका कुंडीखालच्या ताटलीचा: त्यात साचलेल्या पाण्यात एडिस डास आठवड्याभरात तयार होतो. घरात कोरडा दिवस पाळता तसा ताटलीचाही पाळा: रिकामी करा, घासा, उन्हात वाळवा. आणि हो, मांजरानं किंवा मुलानं घटात तोंड अथवा बोट घातलं तर काही अपाय होत नाही, घट मात्र मोडतो.

१९. वेल पाच फूट झाली, खालून उघडी पडलीय. छाटू का? बी धरून रोपं करता येतील?

छाटा, जुलैत. खालची चार-पाच पानं ठेवून वरचा भाग स्वच्छ ब्लेडनं कापा. बुंध्यापासून नवे फुटवे येतात आणि त्यांना पुन्हा ठेंगणे, गुबगुबीत घट लागतात. उंच वेलीवरचे घट नळीसारखे, सडपातळ असतात, त्यामुळे ‘झाड बिघडलं’ असं वाटतं, पण तो वयाचा फरक आहे.

कापलेल्या भागाच्या दोन-तीन डोळ्यांच्या काड्या करा. पानं अर्धी छाटा, खालचं टोक तिरकं कापा आणि पिळलेल्या ओल्या मॉसमध्ये एक डोळा आत जाईल अशी लावा. वरून पारदर्शक पिशवी, जागा उजेडाची पण उन्हाची नको. मुळं यायला सहा ते दहा आठवडे लागतात. काडी हिरवी आहे तोवर उपटून पाहू नका. नवं पान उघडल्यावर पिशवीला आठवड्याला दोन-दोन भोकं पाडत हवा वाढवा.

बियांचं मात्र अवघड. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणून एकट्या झाडाला फुलोरा आला तरी बी धरत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या बियांत फसवणूक फार आहे. खरं बी केसासारखं बारीक, दोन्ही टोकांना निमुळतं आणि काही महिन्यांतच उगवण गमावणारं असतं. गोल काळे दाणे आले तर ते दुसऱ्याच कशाचं तरी बी आहे. निळी, जांभळी रंगवलेली घटपर्णी फोटोतच असते.

२०. मे महिन्यात दहा दिवस गावाला जायचंय. काय करू?

झाड आत, पडदा लावलेल्या खिडकीपाशी आणा. कुंडी पावसाच्या पाण्याच्या तीन सेंटीमीटर खोल टबात ठेवा आणि दोन्हींवर मोठी पारदर्शक पिशवी सैल घाला, वर चार भोकं. दहा दिवस उभं पाणी ते सहन करतं. आल्यावर टब काढा आणि पिशवी एकदम न उघडता तीन-चार दिवसांत उघडा. कुरिअरनं आलेल्या नव्या रोपालाही हीच सवय दोन-तीन आठवड्यांत लावतात, फक्त टबाशिवाय. जास्त दिवस जायचं असेल तर जाड सुती नाडीचं एक टोक कुंडीच्या भोकातून मिश्रणात आणि दुसरं खालच्या झाकलेल्या बादलीत सोडा. जाण्याआधी चार दिवस हे लावून बघा, नाडी पाणी ओढते की नाही ते कळतं.

२१. दोन वर्षं छान होती, आता खालून पानं काळी पडत वर येतायत. वाचेल का?

आधी कुंडी धुऊन खालून निघालेल्या पाण्याचा टीडीएस मोजा. ३०० च्या वर असेल तर क्षार साठलेत. मग मिश्रण हातात घ्या: मॉस किंवा कोकोपीट चिखलासारखं झालं असेल, आंबूस वास येत असेल, तर ते कुजलंय आणि मुळांना हवा मिळत नाही. दोन्ही कारणं बहुतेक वेळा बरोबरच येतात.

पावसाळ्याची वाट पाहू नका, नेहमीचा कुंडी बदलण्याचा नियम इथे मोडायचा. मुळं पाण्याच्या भांड्यात हलवून मोकळी करा, लिबलिबीत झालेली तेवढी कापा, ताज्या मॉस-पर्लाइटमध्ये आधीच्यापेक्षा लहान कुंडीत लावा. निम्मे घट कापून टाका म्हणजे झाडावरचा भार कमी होतो. पिशवी घालून तीन आठवडे सावलीत ठेवा. बुंधा नखानं किंचित खरवडून पाहा: आत हिरवा असेल तर आशा आहे, तपकिरी असेल तर वर वर सरकत हिरवा भाग सापडेपर्यंत खरवडा आणि तिथून वरचा शेंडा काडी म्हणून लावा (प्रश्न १९). बुंधा गेला तरी शेंड्यातून तेच झाड पुन्हा उभं राहतं, म्हणून शेंडा हिरवा असताना हे काम त्याच दिवशी करा.